उन्हाळी सत्र: वाचकांचे प्रश्न

उन्हाळी सत्राबद्दल आलेल्या पत्रांत बहुतेकांनी ‘कोणता कोर्स चांगला?’ असं विचारलंय. त्याआधी दुसरं काही विचारायला हवं. या कोर्सचे क्रेडिट, म्हणजे तासांवर मोजलेले श्रेयांक, माझं कॉलेज धरणार का, आणि तसं लिहून देणार का? खालच्या बहुतेक उत्तरांत हाच मुद्दा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

प्रश्न: बी.ए.चं पहिलं वर्ष झालं. घरच्या अडचणीमुळे पुढचं वर्ष जमेलसं दिसत नाही. सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं तर उन्हाळ्यात एक कोर्स करावा लागतो म्हणे. गावातला टॅलीचा क्लास चालेल का? (विद्यार्थिनी, सातारा जिल्हा)

उत्तर: बाहेर पडता येतं. दोन्ही सत्रांचे मिळून ४० क्रेडिट हातात हवेत. शिवाय उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. एखादा पेपर राहिला असेल तर ४० भरत नाहीत, आणि मग उन्हाळ्यातले ४ करूनही सर्टिफिकेट मिळत नाही. म्हणून आधी निकाल नीट बघा.

टॅलीचा क्लास एनएसक्यूएफमध्ये, म्हणजे कौशल्यांच्या राष्ट्रीय आराखड्यात, बसणारा असेल तरच उपयोगाचा. क्लासवाल्यांना विचारा की आराखड्यातली पातळी कोणती, एकूण तास किती, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र कोण देतं. ‘आमचं सर्टिफिकेट सगळीकडे चालतं’ हे याचं उत्तर नव्हे. महाराष्ट्रातल्या रचनेत हा कोर्स मुख्य विषयाशी जोडलेला असावा अशी अपेक्षा आहे. तुमचा विषय अर्थशास्त्र असेल तर टॅली पटवून देता येईल. मराठी असेल तर कठीणच आहे. त्यापेक्षा मुद्रितशोधन, डीटीपी किंवा अनुवादाचं काम शोधा. फी भरण्याआधी कोर्सचं माहितीपत्रक जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज करा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. जूनमध्ये कॉलेजातली माणसं बदललेली असतात, शिक्का बदलत नाही.

बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो. पदवी एकूण सात वर्षांत पुरी करायची, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: बी.एस्सी. गणित, दुसरं वर्ष. रियल अॅनालिसिस राहिलंय. उन्हाळ्यात ते आणि आणखी दोन पेपर उरकता येतील का? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात उन्हाळी सत्र आठ आठवड्यांचं आहे आणि त्यात राहिलेले विषय जलद गतीने शिकवायची मुभा आहे. मुभा आहे, सक्ती नाही. शिक्षक आणि पुरेसे विद्यार्थी असतील तरच कॉलेज वर्ग काढतं. तेव्हा आधी तुमच्यासारखे आणखी कितीजण आहेत ते बघा आणि एकत्र अर्ज द्या.

आता हिशेब करू. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास वर्ग. ४ क्रेडिटचे ६० तास झाले, म्हणजे आठवड्याला साडेसात. घरचा अभ्यास किमान तितकाच धरा, की आठवड्याला १५ तास होतात. दोन विषय घेतले तर ३०. तीन घेतले तर ४५, आणि त्यात एक विषय अॅनालिसिस! दोनावर थांबा.

अॅनालिसिसमध्ये सीक्वेन्स आणि लिमिट पटकन होतात, कारण कॅल्क्युलसची ओळख असते. गाडी अडते ती कंटिन्युइटीकडून युनिफॉर्म कंटिन्युइटीकडे जाताना. पहिल्या व्याख्येत डेल्टा, म्हणजे क्ष किती सरकू द्यायचा ती मर्यादा, बिंदूगणिक बदलला तरी चालतो, दुसरीत सगळ्या बिंदूंना एकच डेल्टा पुरला पाहिजे. ० ते १ या खुल्या अंतरालावर १/क्ष घ्या. क्ष शून्याकडे सरकतो तसतसा डेल्टा लहान लहान घ्यावा लागतो, सगळ्यांना पुरेल असा एक सापडत नाही. म्हणून हे फंक्शन कंटिन्युअस आहे, पण युनिफॉर्मली नाही. तेच १ ते २ या बंद अंतरालावर घेतलं तर डेल्टा म्हणून एप्सिलॉनच (फंक्शनच्या किमतीत चालणारा फरक) पुरतो. हे दोन्ही स्वतः कागदावर लिहून काढा. नियमित सत्रात ही गोष्ट मुरायला जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो. उन्हाळ्यात प्रमेयं पाठ करायचा मोह होतो आणि परीक्षेत अंतराल बदललं की उत्तर कोसळतं.

ज्यांचं काही राहिलेलं नाही आणि गणितातच पुढे जायचंय, त्यांनी एमटीटीएसकडे (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) बघावं. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा चार आठवड्यांचा निवासी कार्यक्रम आहे. राहण्याजेवणाचा खर्च पडत नाही, आणि वर्गात प्रश्न विचारत विचारत सिद्धता विद्यार्थ्याकडूनच काढून घेतात. मात्र अर्ज हिवाळ्यातच जातात. एप्रिलमध्ये जाग आली तर पुढच्या वर्षाची तयारी करा.

प्रश्न: एमबीएच्या समर प्रोजेक्टसाठी ‘ग्राहक समाधानाचा अभ्यास’ हा विषय ठरवलाय. गूगल फॉर्मवर १०० जणांचा सर्व्हे पुरेल ना? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर: ते १०० जण कोण? वर्गातल्या ग्रुपवर लिंक टाकली तर उत्तरं देणारे तुमचेच मित्र. त्यातले निम्मे त्या कंपनीचे ग्राहकही नसतात. पाय चार्ट छान येतो आणि तोंडी परीक्षेत ‘नमुना कसा निवडला?’ या पहिल्याच प्रश्नाला विकेट पडते. कंपनीकडे आधीपासून असलेले आकडे मागा: तक्रार नोंदवही, परत आलेला माल, थकलेली बिलं. ‘अमुक डेपोत परत येणाऱ्या मालाची कारणं, तीन महिने’ एवढा लहान विषय घ्या. प्रमाणपत्रावर रुजू झाल्याची आणि सुटल्याची तारीख, विभाग आणि सही करणाऱ्याचं पद असू द्या. नुसतं ‘यशस्वीरीत्या पूर्ण केले’ असेल तर कॉलेज ते परत पाठवू शकतं.

प्रश्न: लोकप्रशासन विषय आहे. ग्रामपंचायतीत इंटर्नशिप करता येईल का? तिथे नेमकं काय करायचं? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर: करा, आणि १ मेच्या ग्रामसभेपासूनच सुरुवात करा. विषयपत्रिका, उपस्थिती, कोणता ठराव चर्चेने झाला आणि कोणता नुसता वाचून दाखवला, एवढं टिपलं तरी पहिलं प्रकरण तयार होतं. इंटर्नशिपचं एक क्रेडिट ३० तासांचं, म्हणून ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज सहा तासांप्रमाणे वीस दिवस. पंचायतीच्या नमुना ८ या नोंदवहीत घरपट्टीची आकारणी असते, नमुना ९ मध्ये मागणी, म्हणजे कोणाकडून किती येणं आहे ते. एकच वॉर्ड घेऊन आकारणी, मागणी आणि प्रत्यक्ष वसुली शेजारी शेजारी मांडा आणि थकबाकी कुठे साचते ते शोधा. अहवालात थकबाकीदारांची नावं मात्र छापू नका.

मे महिन्यात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) टँकर आणि पाणीटंचाईच्या मागे असतात, शिवाय अनेकांकडे दुसऱ्या गावाचाही कारभार असतो. कॉलेजचं पत्र एप्रिलमध्येच पोचवा. तासांची वही रोजच्या रोज सही करून घ्या, शेवटच्या दिवशी एकदम नको. आणि पंचायतींविषयीच्या ७३व्या घटनादुरुस्तीवर वीस पानं उतरवू नका, परीक्षकाला ती पाठ असतात.

प्रश्न: पुण्यात चित्रपट रसास्वादाचा वर्ग केला तर बी.ए.ला क्रेडिट मिळतील?

उत्तर: आपोआप नाही. कॉलेजने आधी मान्य केलं तरच. क्रेडिटसाठी जाऊ नका, चित्रपट बघायला शिकण्यासाठी खुशाल जा.

प्रश्न: सुट्टीत ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्स केला आणि क्रेडिट डिजिलॉकरवर चढवले तर? (पालक, ठाणे)

उत्तर: दोन अडचणी आहेत. ‘स्वयम’वरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीच्या उपक्रमाचे, कोर्स जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. मे महिन्यात व्हिडिओ बघता येतील, पण परीक्षा जुलैच्या फेरीचीच द्यावी लागेल. आठ आठवड्यांच्या कोर्सला २ क्रेडिट असतात, बारा आठवड्यांच्या कोर्सला ३. उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. परीक्षा सोपी गेली पण असाइनमेंट बुडवल्या, तर प्रमाणपत्र नाही.

दुसरं म्हणजे डिजिलॉकरशी जोडलेल्या अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्यात, विद्यार्थ्याला स्वतः काहीच चढवता येत नाही, ते काम संस्था करते. तिथे अडतं ते नावावर. आपल्याकडच्या बऱ्याच गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव असतं. आधारवर क्रम वेगळा, आईचं नाव नाहीच, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे. नोंदी जुळल्या नाहीत की क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. आधारवरच स्पेलिंग चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. नुसता क्रम वेगळा असेल तर दोन्हींच्या झेरॉक्स घेऊन परीक्षा विभागात जा. हे सुट्टीतच उरका, जुलैत त्या खिडकीसमोर प्रवेशाची रांग लागते.