सिनेमा बंद करा, मग काढा

प्रश्न : मी बारावीत आहे. ‘फँड्री’ माझा सगळ्यात आवडता सिनेमा. त्यातला स्क्रीनशॉट खालच्या लेयरवर (पारदर्शक कागदासारख्या थरावर) ठेवून मी टॅबवर गिरवते. चित्र हुबेहूब येतं, पण मैत्रीण म्हणते ही चीटिंग आहे. आहे का? (विद्यार्थिनी, सांगली)

गिरवणं पाप नाही. हात बसेपर्यंत खुशाल गिरव. फक्त ते चित्र तुझं म्हणू नकोस. कॅमेरा कुठे ठेवायचा, चौकटीत काय घ्यायचं, उजेड कुठून यायचा हे सगळं दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. तुझ्या वाट्याला उरते ती कड. म्हणून हुबेहूब येऊनही तुला काहीतरी चुकल्यासारखं वाटत असणार, नाहीतर तू पत्र लिहिलंच नसतंस.

एक कर. सिनेमा बंद करून झोप. दुसऱ्या दिवशी साध्या कागदावर पेन्सिलीने पोस्टाच्या तिकिटाएवढी सहा चित्रं काढ, प्रत्येकाला दोन मिनिटं. बघायचं काहीच नाही, आठवेल तेवढंच. चेहरे फारसे आठवणार नाहीत. आठवेल ती काळी चिमणी, नाहीतर शेवटी सिनेमातल्या जब्याने भिरकावलेला, थेट आपल्या अंगावर येणारा दगड. समजा दगड घेतलास. सिनेमात तो आपल्याकडे येतो. तू जागा बदल. अख्ख्या कॅनव्हासभर दगडच काढ, खडबडीत, आणि त्यावर चिमणीची एवढीशी सावली टाक. हे दृश्य सिनेमात कुठेच नाही, तरी ज्याने तो पाहिलाय त्याच्या पोटात गोळा येईल. आता स्क्रीनशॉट उघड, तोही मातीचा रंग आणि उजेडाची दिशा तपासण्यापुरता.

मैत्रिणीला सांग, ती अर्धी बरोबर होती.

प्रश्न : आईसाठी ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस काढतोय. डोळे, नाक, ओठ सगळं जमलंय, पण चेहरा भलत्याच माणसाचा दिसतो.

कारण तुम्ही डोळे, नाक, ओठ काढलेत, चेहरा काढलाच नाही. ओळख पटते ती मोठ्या आकारांवरून आणि अंतरांवरून. गर्दीत पाठमोरा मामा आपण ओळखतो, तेव्हा त्याचं नाक कुठे दिसत असतं? आधी मुंडाशासकट डोक्याचा बाह्याकार आणि मानेचा कल पकडा. मग डोळे किलकिले करून फोटो आणि चित्र शेजारीशेजारी बघा. चित्र आरशासारखं उलटवूनही बघा. सवयीमुळे न दिसलेला वाकडेपणा लगेच उघडा पडतो.

सिनेमा १९३६ चा, कृष्णधवल. याचा फायदा घ्या. आधी फक्त तीन करड्या छटांत चेहरा उभा करा. तिथे पागनीस दिसले नाहीत, तर रंग लावून दिसणार नाहीत. दिसले की वर वेगळ्या लेयरवर रंग चढवा. कुठला, ते तुम्हीच ठरवायचं, कारण पडद्यावर तो नव्हताच. अनेकांच्या मनात तुकोबांचा चेहरा म्हणजे पागनीसांचाच चेहरा आहे, त्यामुळे आईची परीक्षा कडक असेल.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. त्यावर जमेल का?

जमेल. आयबिस पेंट हे चित्रं काढायचं अ‍ॅप फुकटात मिळतं, जाहिराती सोसायच्या. पुढे कॉम्प्युटर मिळाला तर क्रिटा घ्या, तेही मोफत. ज्याचं नाव सगळे घेतात ते प्रोक्रिएट विकत घ्यावं लागतं आणि आयपॅड, आयफोनपुरतंच आहे. त्यावाचून तुमचं काही अडलेलं नाही.

प्रश्न : स्क्रीनवर निळा कसा झळझळीत होता, छापून आणला तर मळका! दुकानदाराने फसवलं का?

बहुधा नाही. स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून रंग बनवते. छपाईत शाई असते : आकाशी, किरमिजी, पिवळी, काळी. विजेसारखा निळा किंवा कडक पोपटी या चार शायांत बसतच नाही. माझ्या पहिल्या प्रिंटमधलं मध्यरात्रीचं आकाश पाटीच्या रंगाचं निघालं होतं. छापायचंच असेल तर सॉफ्टवेअरमध्ये छपाईचे रंग आधी तपासा आणि चित्राची एक पट्टी छापून बघा. कॅनव्हासही सुरुवातीलाच मोठा घ्या. ए-थ्री आकार ३०० डीपीआयला (म्हणजे इंचात ३०० ठिपके) छापायला ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. छोटं चित्र नंतर ताणलं की पसरतं.

प्रश्न : माझी चित्रं टी-शर्टवर छापून विकू का? खाली ‘श्रेय मूळ निर्मात्यांना’ असं लिहीन.

श्रेय लिहिणं हा सभ्यपणा झाला. ती परवानगी नव्हे. घरी भिंतीवर लावण्यासाठी काढलंत तर कुणी विचारायला येणार नाही, विकायला काढलंत की प्रश्न बदलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमाचे हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतात. पागनीसांच्या सिनेमाची मुदत केव्हाच संपली, ‘फँड्री’ची अजून बरीच बाकी आहे. कथा, गाणी यांचे हक्क पुन्हा वेगळे.

शिवाय नटाचा चेहरा. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज, इतकंच काय त्यांचं ‘झकास’सुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली. आपण चहा पिऊन झकास म्हणायला हरकत नाही, त्यांच्या चित्राखाली छापून विकायला आहे. निर्मात्याला लेखी विचारा, छोटे निर्माते कधीकधी हो म्हणतात. नाहीतर शैली तीच ठेवून स्वतःची पात्रं काढा. मी दुसरा रस्ता धरेन.

प्रश्न : मी थिएटरचे बोर्ड रंगवायचो. फ्लेक्स आलं आणि काम गेलं. नातीने टॅब दिलाय, पण काचेवर हात घसरतो. रंगाला वासही नाही. या वयात जमेल का? (निवृत्त पेंटर, कोल्हापूर)

तुम्ही मला शिकवावं असं हे पत्र आहे. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या गावात स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं रंगवली, तिथले तुम्ही.

घसरण्यावर सोपा उपाय आहे. कागदासारखी खरखरीत मॅट फिल्म मिळते, ती नातीला काचेवर लावून द्यायला सांगा. रेघ आपोआप सरळ करणारी सोय बंद ठेवा, तुमच्या हाताला तिची गरज नाही. चौकटी पाडून मोठं करण्याची तुमची पद्धत टॅबमध्ये ‘ग्रिड’ नावाने बसलेलीच आहे. दहा-वीस लेयर करू नका. दोन पुरेत, मोठा ब्रश घ्या.

चेहऱ्याच्या सावलीत बोर्डवाले बेधडक निळा-हिरवा मारत, धावत्या एसटीतूनही नट ओळखू यावा म्हणून. आज चित्र अंगठ्याएवढं होऊन फोनवर सरकत जातं. एसटी तीच, खिडकी लहान झाली. रस्ता ओलांडून बोर्डाकडे बघायचात, तसं आता दोन बोटांनी चित्र लहान करून बघा. आम्ही पोरं सावलीत काळा भरून चेहरे मारतो, तुमच्याकडून ती चूक व्हायची नाही.

वासाचं मात्र माझ्याकडे औषध नाही. टर्पेंटाइनची बाटली शेजारी ठेवा, झाकण जरा सैल करून.