गोळ्या कमी, माणसं जास्त असा जुना ब्रिटिश युद्धपट कोणता?

‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप’ (१९४३). मला विचाराल तर दुसरं नाव सुचत नाही.

नाव फसवं आहे हं. यात ब्लिंप नावाचं कुणी नाही आणि नायक मरतही नाही. ब्लिंप म्हणजे डेव्हिड लो यांच्या व्यंगचित्रांतला ढेरपोट्या, आढ्यतेखोर म्हातारा. मायकल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या लेखक-दिग्दर्शक जोडीने तो उचलला आणि तरुणपणी तो कसा असेल, हे शोधत चाळीस वर्षं मागे गेले.

१९०२ चं बर्लिन. इंग्रज अधिकारी क्लाइव्ह कँडी आणि जर्मन अधिकारी थिओ यांचं तलवारीचं द्वंद्व ठरतं. नियम वाचणं, तयारी, सगळं कसं अगदी निवांत दाखवलंय. आणि तलवारी भिडल्या रे भिडल्या की कॅमेरा वर वर जात थेट छताबाहेर! बाहेर नुसतं बर्फ. पहिल्यांदा पाहताना मी चक्क चिडलो होतो. पुढे दोघं एकाच ठिकाणी उपचार घेताना जिवाभावाचे मित्र होतात, तेव्हा कळलं की पॉवेल-प्रेसबर्गरना लढाईशी कर्तव्यच नव्हतं.

पण माझा जीव अडकलाय तो १९३९ च्या प्रसंगात. म्हातारा थिओ इंग्लंडमध्ये आसरा मागायला आलाय. बायको वारली, मुलं नाझी झाली. अधिकाऱ्यासमोर तो हे सांगत राहतो, आवाज न चढवता. हे लिहिणारा प्रेसबर्गर हंगेरीचा ज्यू, बर्लिनमधून जीव वाचवून निघालेला. थिओ झालेला नट अँटन वॉलब्रुक व्हिएन्नाचा, त्यानेही नाझींपायी जर्मनी सोडलेली. ऐन युद्धात, ब्रिटिश चित्रपटातलं सर्वांत शहाणं माणूस जर्मन! चर्चिल भडकले, सिनेमा थांबवता येईल का पाहा म्हणाले. कँडीसाठी हवा असलेला लॉरेन्स ऑलिव्हिए नौदलातून सुटला नाही. बरंच झालं म्हणेन मी, कारण रॉजर लिव्हसीच्या त्या घोगऱ्या, भाबड्या आवाजाशिवाय कँडी पटलाच नसता.

डेबोरा कर यात तीन वेगवेगळ्या बायका होते. कँडीला आयुष्यभर एकच चेहरा दिसत राहतो, म्हणून.

एक सांगतो, पाहायचा तर १६३ मिनिटांची प्रत शोधा. मध्यंतरी याची काटछाट करून फ्लॅशबॅकच उडवला होता, तसली प्रत मिळाली तर हात लावू नका.