बारावीला जर्मनमध्ये ९४ आणि तरी ‘ए२’ला बसा?

प्रश्न : मुलीने नववीपासून जर्मन घेतलं, बारावीला ९४ गुण मिळाले. बी१च्या वर्गात प्रवेश मिळेल या खात्रीने आम्ही मॅक्सम्युलर भवनात गेलो, तर चाचणी घेऊन तिला त्याच्या खालच्या पायरीला, ए२ला, बसायला सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही धड. तिला जर्मन घेऊन बी.ए. करायचंय. तिचे बाबा म्हणतात, बी.ए.त कविता शिकवतात, त्यापेक्षा नुसते कोर्स कर आणि नोकरीला लाग. चार वर्षं फुकट गेली का? – एक आई, कोथरूड

नमस्कार ताई,

फुकट काहीही गेलेलं नाही. ९४ गुण खरे आहेत आणि ए२सुद्धा खरंच आहे. दोन्हीकडे मोजलं जातं ते वेगळं. बोर्डाच्या परीक्षेचा भर लेखी पेपरवर असतो: धडा, व्याकरण, गाळलेल्या जागा. बरीच मुलं अकरावीला ‘स्कोअरिंग’ म्हणूनच हा विषय घेतात आणि शिकवणंही त्याच बेताने होतं. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ या चढत्या पायऱ्या युरोपीय परिषदेने २००१मध्ये जाहीर केलेल्या चौकटीतल्या आहेत. त्यात विचारलं जातं ते हे की, या भाषेत तुम्ही काय करू शकता?

गोएथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्सम्युलर भवनाचीच, बी१ परीक्षा बघा. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकाचे १०० गुण आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे ६० हवेत. म्हणजे लेखनातले ९० श्रवणातल्या ४५ना वाचवत नाहीत. संभाषणाला दोन उमेदवार समोरासमोर बसवतात आणि एखादा बेत आखायला सांगतात, समजा मैत्रिणीचा निरोप समारंभ. कधी, कुठे, खायला काय, कोण काय आणणार. आपली शहाणी मुलं समोरच्याच्या प्रत्येक सूचनेला जर्मनमध्ये ‘या, या’ (हो, हो) म्हणतात आणि दोन मिनिटांत विषय संपवून बसतात. नाही म्हणणं, दुसरा पर्याय सुचवणं, थोडं भांडणं, याची सवयच नसते.

तुमच्या मुलीला एक प्रयोग करायला सांगा. ‘मी आले नाही, कारण मला बरं नव्हतं’ हे तिला जर्मनमध्ये पटकन बोलायला सांगा. ‘वाइल’नंतर (म्हणजे ‘कारण’नंतर) क्रियापद शेवटी जातं हे ती पेपरात बिनचूक लिहीत असणार. बोलताना मात्र ते मध्येच येईल, कारण शाळेत जर्मन इंग्रजीच्या वाटेने शिकवली गेली. गंमत अशी की मराठीत क्रियापद एरवीही शेवटीच असतं आणि तीन लिंगंही आपल्याला नवी नाहीत. घरात असलेलं हे भांडवल वर्गात कुणी वापरू देत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

खरी अडचण सांध्यांवर आहे. कॉलेजात प्रथम वर्षाला तिच्या शेजारी कालपर्यंत जर्मनचं अक्षर न पाहिलेली मुलगी बसलेली असू शकते. तिथल्या प्राध्यापकांना बोर्डात काय झालं ते माहीत नसतं आणि कोर्सच्या शिक्षकांना कॉलेजात काय चाललंय ते. हा दुवा तिलाच सांधावा लागेल. त्यासाठी तिने एक फाइल करावी. युरोपीय परिषदेने चौकटीसोबत अशा फाइलचाही आराखडा दिला होता. त्याचे भाग तीन: भाषांचा पासपोर्ट, शिकण्याची कहाणी आणि कामाचे नमुने. दर सहा महिन्यांनी एक पत्र, स्वतःच्या बोलण्याचं एक ध्वनिमुद्रण, वाचलेल्या एका गोष्टीवर पानभर टिपण. नव्या वर्गाच्या पहिल्या आठवड्यात ही फाइल शिक्षकांपुढे ठेवावी. चार वर्षांची गुणपत्रिका जे सांगत नाही ते त्यांना दहा मिनिटांत कळेल.

आता बाबांचा मुद्दा. नोकरीचं त्यांचं बरोबर आहे. निव्वळ पदवीवर कंपन्या विचारत नाहीत, बी२ विचारतात आणि अनुवादाच्या कामाला सी१ असलेलं बरं. पण नुसते कोर्स करून आलेली मुलं बी२ला येऊन अडखळलेली मी पाहते. तिथे लांबलचक लेख वाचून मत मांडायचं असतं आणि मत मांडायला आधी वाचन लागतं. ज्या कवितांना बाबा हसतात, त्यांचा उपयोग इथे होतो. उलट, तीन वर्षं साहित्य शिकून फोनवर दोन वाक्यं न बोलू शकणारे पदवीधरही आहेतच. तेव्हा माझं मत: बी.ए. करू दे आणि संध्याकाळी कोर्सही. मॅक्सम्युलर भवनाची फी जड वाटली, तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे सर्टिफिकेट, डिप्लोमा असे टप्पे आहेत, तिथे चौकशी करा. दुसऱ्या वर्षाअखेर बी१, पदवीसोबत बी२, हा वेग झेपण्याजोगा आहे.

पुण्याबाहेर पाठवायची तयारी असेल, तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) हे दोन पर्याय तिला पाहू द्या. जेएनयूत बी.ए.ची जर्मन पहिल्या अक्षरापासून सुरू होते, त्यामुळे तिथे पहिले काही महिने तिला कंटाळा येईल, हे मात्र आधीच सांगून ठेवा.

आणि ए२च्या वर्गात तिने बसावंच. श्रवण आणि संभाषण तिथे पक्कं होईल, व्याकरणाला तिला वेळ द्यावा लागणार नाही.