लाळेच्या चाचणीवर भागेल का?

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह आहे आणि दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त येते. दंतवैद्य सळईने हिरड्या तपासू म्हणतात, पण तिला त्याची धास्ती वाटते. लाळेवरून हिरड्यांचा आजार ओळखणारे जैवसंवेदक आले आहेत, असे वाचले. तेवढ्यावर भागेल का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही, आणि त्यासाठी तपासणी लांबवू तर मुळीच नये. जैवसंवेदक तुम्हाला अगदीच अनोळखी नसावा, कारण रक्तातील साखर मोजण्याचे घरगुती यंत्र हा जैवसंवेदकच आहे. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स या संशोधकांनी ग्लुकोज मोजण्यासाठी मांडलेल्या कल्पनेतून हे शास्त्र वाढले. लाळेच्या चाचणीत साखरेऐवजी दाहाच्या खुणा शोधतात. त्यांपैकी बराच अभ्यास झालेली खूण म्हणजे एमएमपी-८ हे विकर (एन्झाइम). दातांवरच्या कीटणातील (चिकट थरातील) जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी ते सोडतात, आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे कोलॅजनचे तंतूही तेच तोडते. संवेदकावर बसवलेली प्रतिपिंडे (ठरावीक पदार्थालाच चिकटणारी प्रथिने) हे विकर पकडतात, तेव्हा विजेच्या किंवा प्रकाशाच्या संकेतात होणाऱ्या बदलावरून त्याचे प्रमाण कळते. याच विकरावर आधारलेली, चूळ भरून घेतलेल्या नमुन्याची पट्टीची चाचणी काही मिनिटांत रेष दाखवते.

अडचण अशी की लाळ साऱ्या तोंडाची मिळून एकच असते. दाह आहे एवढे ती सुचवील, पण कोणत्या दातापाशी आहे, हिरडी किती सुटली आहे आणि हाड किती झिजले आहे, हे तिच्यातून कळत नाही. ते मिलिमीटरच्या खुणा असलेल्या सळईने आणि क्ष-किरण चित्रानेच कळते. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची साधारण ३ मिलिमीटरपर्यंतची खोली निरोगी मानतात, त्यापुढे काळजी सुरू होते. सळईचे टोक बोथट असते, ती हलक्या हाताने फिरवतात आणि फारच दुखत असेल तर भूल देता येते, हे आईंना आधी शांतपणे समजावून सांगावे.

माझ्या मते लाळेच्या चाचणीचा खरा उपयोग मधुमेहाच्या दवाखान्यांत, कोणाला दंतवैद्याकडे धाडायचे हे ठरवताना, आणि उपचारांनंतर दाह ओसरतो आहे का हे पाहताना होईल. अनियंत्रित साखरेने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते, म्हणून तपासणीला जाताना एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणाऱ्या रक्तचाचणीचा) ताजा अहवाल बरोबर न्यावा. आई मिश्री लावत असतील, तर तेही संकोच न करता सांगावे.