बारखाली अडकले तर?

व्यायाम नुकताच सुरू केलेली माणसं एक प्रश्न हमखास घेऊन येतात : ‘माझा स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन खाली बसून उठायचा व्यायाम) काही सुधारत नाही. गुडघे तरी जातील नाहीतर कंबर. सोडून देऊ का?’ खरं तर हा प्रश्न ट्रेनरचा. पण ट्रेनरने दहादा समजावूनही ज्यांची धाकधूक जात नाही, ते माझ्यापर्यंत, म्हणजे समुपदेशकापर्यंत, पोचतात. त्यातल्याच एका बाईंचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी हिशेब तपासणीची. म्हणजे चुका शोधायचाच पगार. जिम सुरू करून काही महिने झाले होते. नुसता २० किलोचा बार, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन स्क्वॉट बरा व्हायचा. दोन्ही बाजूंना प्लेटा चढल्या की सगळं बिघडायचं. अर्ध्यातूनच वर येणं, गुडघे आत वळणं, टाचा सुटणं. मोबाईलमध्ये स्वतःच्या सेटचे ढीगभर व्हिडिओ होते आणि प्रत्येकातली चूक त्यांना तोंडपाठ होती. ते दाखवायला लागल्या तेव्हा मी फोन बाजूला ठेवायला सांगितला.

‘‘बार खांद्यावर आहे, आता खाली जायचंय. त्या क्षणी मनात काय चालतं, तेवढं लिहून द्या.’’

कागद भरला. छाती वर. नजर समोर. कोपरं खाली. पोट घट्ट. गुडघे बाहेर. भार टाचांवर. पाठ सरळ. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे नको. एक रेप, म्हणजे एकदा खाली जाऊन वर येणं, संपायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात हा सगळा दरबार भरायचा! यातली एकेक सूचना बहुतेक वेळा बरोबरच असते. पण स्वतःच्या अवयवांवर इतका पहारा ठेवला की हालचाल आखडते. हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगचा सराव करून घेणाऱ्या यंत्रावर शिकाऊ लोकांना उभं केलं. काहींना सांगितलं, लक्ष पायाने लावायच्या जोरावर ठेवा; काहींना सांगितलं, पायाखालच्या चाकांवर जाणाऱ्या जोरावर ठेवा. चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगले शिकले. लक्ष शरीराबाहेर हवं, म्हणून आम्ही सगळ्या सूचना खोडून एकच ठेवली : उठताना बार छताकडे ढकलायचा. पोटात श्वास भरून धरायचा तो खाली जाण्याआधीच, आणि सोडायचा वर आल्यावर. (रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी श्वास रोखण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.)

बोटांच्या पुढे गुडघा न नेण्याची सूचना मात्र मी दोनदा खोडली. ती इतकी रुजली आहे की ती मोडताना लोकांना अपराधी वाटतं. २००३ साली फ्राय, स्मिथ आणि शिलिंग या संशोधकांनी सात पुरुषांकडून स्क्वॉट करून घेतले : एकदा मोकळे, एकदा गुडघ्यांसमोर फळी उभी करून. फळीमुळे गुडघ्यावरचा पीळ साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाला, पण खुब्यावरचा जवळजवळ दहापट झाला आणि धड जास्त पुढे झुकलं. भार कुठे जात नाही, फक्त दुसऱ्या सांध्यावर सरकतो. निरोगी गुडघा बोटांच्या थोडा पुढे गेला म्हणून घाबरायचं कारण नाही.

एवढं झाल्यावर मी समाधानाने कागद घडी करणार, तोच त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली एक ओळ दिसली : ‘वर येता नाही आलं तर?’

‘‘अडकलात तर काय करायचं, हे कुणी दाखवलंय?’’

‘‘नाही. तशी वेळच येऊ द्यायची नाही, असं सांगितलंय.’’

माझ्या मते खरी गोष्ट इथे होती. खालच्या जागेची ज्याला धास्ती असते तो तिथे थांबत नाही. एकतर अर्ध्यातून परततो, नाहीतर धपकन खाली जाऊन उसळी मारून सुटू पाहतो. त्या घाईत गुडघे आत येतात. व्हिडिओत दिसतो तो फॉर्म, म्हणजे करायची ढब; त्यामागची भीती दिसत नाही. बार टाकायचा कसा हे न शिकवता वजन वाढवायला सांगणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

ट्रेनरशी बोलून क्रम ठरवला. बार ठेवायच्या चौकटीला, म्हणजे रॅकला, बार अडवणारे आडवे दांडे असतात. हे सेफ्टी बार, बाई सगळ्यात खाली बसल्या की त्यांचा बार जिथे येतो त्याच्या किंचित खाली लावले. मग नुसता बार घेऊन खाली जायचं, मुद्दाम आणखी थोडं बसायचं, बार सेफ्टीवर टेकवायचा आणि पुढे सरकून बाहेर पडायचं. कंटाळा येईपर्यंत. नंतर छोट्या प्लेटा लावून तेच. त्यानंतर हलक्या वजनावर तळाशी दोन-तीन सेकंद थांबून उठायचं. ज्याची भीती त्याच्याजवळ थोडं थोडं थांबायचं, ही आमच्या कामातली जुनी रीत. ट्रेनर लोक तळाशी थांबून करायचा स्क्वॉट तंत्रासाठी देतातच. दोघांचं औषध एकच निघालं याची गंमत वाटली.

काही आठवड्यांत त्या पुरेशा खाली जाऊ लागल्या, गुडघे बरेचसे जागेवर राहू लागले. टाचा मात्र सुटतच राहिल्या. तेव्हा मी हात वर केले, कारण सगळंच मनातलं नसतं. ट्रेनरने भिंतीपासून अंगठा दहाएक सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगितला. दोन्ही पायांचा लागला नाही. घोटा ताठ, तर टाच उचलणारच. तिला कितीही दम दिला तरी. घोट्याचे व्यायाम सुरू झाले आणि तोवर टाचा उंच असलेले लिफ्टिंगचे बूट. मांडीचं हाडही त्यांचं लांब, त्यामुळे बार पावलाच्या मध्यावर राहायचा तर त्यांना इतरांपेक्षा जास्त वाकावंच लागतं. आखूड मांडीच्या कुणाशी तरी स्वतःच्या व्हिडिओची तुलना करून त्या आजवर स्वतःला नापास करत होत्या.

व्हिडिओ पूर्ण बंद करा, असं मी सांगितलं नाही. ते त्यांच्याने झालंच नसतं. शेवटच्या सेटचा एकच, बाजूने, कमरेच्या उंचीवरून घ्यायचा आणि त्यात एकच पाहायचं : बार पावलाच्या मध्यावर राहतो का? खुब्याची घडी गुडघ्याच्या वरच्या कडेखाली गेलीच पाहिजे, हा पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेचा नियम आहे. नवशिक्याने पाठ गोल न होता जमेल तेवढं खाली जावं. आणि गुडघ्याला सूज आली, सांधा अडकला, पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर ते समुपदेशकाकडे आणू नये. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

मग वजन अडीच-अडीच किलोंनी वाढत गेलं. एके दिवशी त्या खरोखरच अडकल्या. बार सेफ्टीवर टेकवला, बाहेर आल्या, प्लेटा काढल्या, बार रॅकवर चढवला आणि कमी वजनावर राहिलेला सेट पूर्ण केला. मला हे कळलं पुढच्या भेटीत, तेही सहज बोलण्याच्या ओघात. त्या आल्या होत्या वेगळ्याच कामाला : ऑफिसात वरिष्ठांसमोर आकडे मांडताना आवाज कापतो, त्याचं काय करावं?