दारू सोडायला जवळची मीटिंग कशी शोधायची? नेटवरच्या पत्त्यावर गेलो तर कुलूप होतं

कुलूप हा शब्द वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आधी सरळ उत्तर देतो. नुसता पत्ता बघून निघू नका, आधी फोन करा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए, दारू सोडणाऱ्या माणसांचीच एकमेकांना आधार देणारी संघटना, त्यांच्या वेबसाइटवर हेल्पलाइनचे नंबर असतात आणि फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेलाच माणूस असतो. त्याला विचारा की ही मीटिंग सध्या भरते का, वेळ तीच आहे का, दार कुठल्या बाजूला आहे आणि तिथे गेल्यावर कोणाला फोन करायचा. मीटिंग ओपन असेल तर घरचं कोणीही सोबत येऊ शकतं, क्लोज्ड असेल तर ज्याला स्वतःला दारू सोडायचीय तोच, म्हणजे तुम्हाला दोन्ही चालतात. फी, फॉर्म, चिठ्ठी काही लागत नाही.

आता माझं सांगतो. मी पण असाच एक पत्ता घेऊन गेलो होतो, बायकोला पण सांगितलं नव्हतं कुठे चाललोय ते, आणि दाराला कुलूप. शेजारच्या खिडकीच्या काचेवर आतून वहीचं अर्धं पान चिकटवलेलं, निळ्या पेनने काहीतरी लिहिलेलं, पण उन्हाने शाई एवढी उडालेली की "ग्रुप" आणि "हॉल" एवढंच वाचता येत होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एका बाईंनी विचारलं, "कोणाकडे आलात?" काय सांगणार? दारू सोडायला आलोय असं ओरडून सांगू? कोणाकडे नाही म्हटलं आणि उलट्या पावली निघालो, आणि त्या रात्री प्यायलो, रोजच्यापेक्षा जास्त. नंतर बऱ्याच दिवसांनी हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "कुठे आहात? त्या इमारतीपाशी या, मी बाहेर येऊन उभा राहतो." तेव्हा कळलं की मीटिंग बंद पडलीच नव्हती, त्याच इमारतीच्या मागच्या हॉलमध्ये हलली होती. मी कुलूप बघत उभा होतो तेव्हा मागे माणसं बसलेली होती!

म्हणून पुढे मी त्याच ग्रुपमध्ये बोर्डाचा विषय काढला. ग्रुपचं नाव, वेळ आणि एक बाण, बस. तर आमचे एक सीनियर, माझ्यापेक्षा किती तरी आधीपासून सोबर, माणूस म्हणून सोन्यासारखा, ते दरवेळी म्हणणार, "ज्याला खरी गरज आहे तो शोधत येतो," आणि वर एएच्या बारा परंपरांमधली, म्हणजे ग्रुप कसे चालवायचे त्या तत्त्वांमधली, अकरावी परंपरा ऐकवणार. मला हे अजिबात पटत नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. अकराव्या परंपरेत आहे काय, तर प्रचार करत फिरू नका, लोक आकर्षणाने येऊ देत, आणि पेपर, रेडिओ, सिनेमात मेंबरांची नावं येऊ देऊ नका. हॉलचं दार लपवा असं त्यात कुठे लिहिलंय? आणि मुळात एए सुरू कसं झालं ते बघा. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन, काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला माणूस, अमेरिकेत अ‍ॅक्रनच्या एका हॉटेलात एकटा होता, धंद्याचं काम फसलेलं, समोर हॉटेलचा बार, आणि त्याने लॉबीत लावलेल्या यादीतून चर्चचे नंबर फिरवायला घेतले, बोलायला एक दारुडा भेटवा म्हणून. त्या फोनांमधूनच डॉ. बॉब स्मिथची गाठ पडली, तोही दारुडाच, आणि या दोघांनी मिळून एए सुरू केलं. कोणीच फोन उचलला नसता तर? गरज तर त्यालाही होतीच ना. पहिल्यांदा येणाऱ्या माणसात शोधत बसायची ताकद नसते हो, तो मनातून परत फिरायला कारणच शोधत असतो आणि कुलूप म्हणजे आयतं कारण.

बोर्ड अजून लागला नाहीये. पण मीटिंगच्या आधी मी बाहेर उभा राहतो, कोणी रेंगाळताना दिसलं की जाऊन बोलतो. यालाही आक्षेप होताच, नवा माणूस बिचकेल म्हणून. बिचकतो, पण आत येतो.

तुम्ही पण एका कुलपावर सोडून देऊ नका, दुसरी मीटिंग बघा. प्रत्येक ग्रुपची हवा वेगळी असते, पहिला नाही आवडला तर तिसरा आवडेल. आजची रात्र कठीण वाटत असेल तर ऑनलाइन मीटिंगला बसा, त्या दिवसरात्र कुठे ना कुठे चालू असतात, पण जवळची शोधायचं त्यामुळे थांबवू नका. एएच्या मीटिंगमधला देवाचा उल्लेख खटकत असेल तर स्मार्ट रिकव्हरी म्हणून वेगळी पद्धत आहे, आणि घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात.

एक गोष्ट खरं तर आधीच लिहायला हवी होती. रोज भरपूर पीत असाल तर मीटिंगला जायचंय म्हणून एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा. अचानक सोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. मीटिंग हा त्यावरचा इलाज नाही, त्याला औषधं लागतात.

आणि ज्या पत्त्यावर कुलूप होतं तो हेल्पलाइनला नक्की कळवा, यादी दुरुस्त करायला सांगा. आमचे सीनियर हे वाचून चिडतील, चिडू देत.