वास्केझ, जनेल आणि टायटॅनिकवरची आयरिश आई : जेनेट गोल्डस्टीनविषयी

आपण विचारले आहे की, 'एलियन्स' या चित्रपटातली सैनिक वास्केझ आणि 'टर्मिनेटर २'मध्ये लहान जॉन कॉनरला सांभाळणारी जनेल या दोन भूमिका खरोखर एकाच अभिनेत्रीच्या आहेत का, आणि असतील तर अशी ताकदीची नटी पुढे छोट्या कामांतच का अडकली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दोन्ही भूमिका जेनेट गोल्डस्टीन यांच्या आहेत. दुसऱ्या प्रश्नातला 'अडकली' हा शब्द मात्र मला पटत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नाशिकच्या हौशी रंगभूमीवर मी बरीच वर्षे काम करते आहे. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत माझ्या वाट्याला बहुधा एका किंवा दोन प्रवेशांच्या भूमिका आल्या. नायिकेला चुकले तर सावरायला पुढचा अंक असतो. अशा भूमिकेत मात्र पहिल्या पावलातच ते माणूस कुठून आले आहे आणि त्याला काय हवे आहे हे प्रेक्षकाला कळावे लागते. गोल्डस्टीन यांचे काम मी याच नजरेने पाहत आले आहे.

१९८६ च्या 'एलियन्स'च्या वेळी त्या मूळच्या अमेरिकन असूनही लंडनमध्ये होत्या. इंग्रजीत 'एलियन' या शब्दाचा एक अर्थ परदेशातून आलेला माणूस असाही होतो. त्यामुळे चित्रपट स्थलांतरितांविषयी आहे अशा समजुतीने त्या लांब केस मोकळे सोडून, नीट नटूनथटून निवड चाचणीला गेल्या, आणि तिथे पाहतात तर बाकीचे उमेदवार लष्करी थाटाच्या कपड्यांत आलेले. तरीही दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनी वास्केझसाठी त्यांनाच निवडले. सैनिकांच्या भूमिकेतल्या नटांना ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या तुकडीच्या माणसांकडून प्रशिक्षण देण्यात आले. वास्केझच्या अंगावर जी अवजड बंदूक दिसते ती स्टेडिकॅमच्या, म्हणजे कॅमेरा अंगावर बांधून स्थिर ठेवण्याच्या साधनाच्या, पट्ट्यावर आणि हातावर बसवलेली होती. तो भार सांभाळत त्या ज्या सहजपणे वळतात आणि दबा धरतात, त्यावरूनच ही बाई वर्षानुवर्षे सैन्यात आहे असे आपण मानून चालतो. व्यायाम करताना हडसन हा सहकारी सैनिक तिला पुरुषी म्हणून डिवचतो तेव्हा ती क्षणभरही न थांबता त्याचाच प्रश्न त्याच्याकडे परत फिरवते. पात्राची ओळख करून द्यायला पटकथेने एवढीच जागा दिली आहे, आणि ती पुरते.

या भूमिकेतली एक गोष्ट टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. गोल्डस्टीन ज्यू कुटुंबातल्या, गोऱ्या आणि चेहऱ्यावर वांगाचे ठिपके असलेल्या. त्यांना लॅटिन अमेरिकी वंशाची दाखवण्यासाठी गडद रंगभूषा केली गेली आणि डोळ्यांत गडद भिंगे घातली गेली. त्या वंशाच्या अभिनेत्रींना मुळातच कामे कमी मिळत असताना असे करणे चूक होते, आणि आज त्यावर घेतला जाणारा आक्षेप मला रास्त वाटतो. अभिनय आवडतो म्हणून तो आक्षेप मी खोडून काढणार नाही. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा सॅटर्न पुरस्कार (हा विज्ञानकथा, भय आणि अद्भुत चित्रपटांसाठी दिला जातो) त्यांना याच भूमिकेसाठी मिळाला, पण पुढच्या चित्रपटांत प्रेक्षकांनी त्यांना ओळखले नाही, त्याचे एक कारणही या रंगभूषेतच आहे.

त्यानंतर १९८७ मध्ये कॅथरीन बिगेलो यांच्या 'निअर डार्क'मध्ये रक्तपिपासू टोळीतली डायमंडबॅक, १९८९ मध्ये 'लेथल वेपन २'मध्ये पोलीस अधिकारी, १९९४ च्या 'स्टार ट्रेक जनरेशन्स'मध्ये एंटरप्राइझ-बी या यानावरची विज्ञान अधिकारी अशी कामे त्यांनी केली. यातली डायमंडबॅक अवश्य पाहावी. बाकीच्या दोन भूमिकांना लेखनातच फारसा वाव नव्हता.

१९९१ च्या 'टर्मिनेटर २'मधला टेलिफोनचा प्रवेश मात्र मी नव्या मुलींना आवर्जून पाहायला सांगते. सुरुवातीला आपल्याला दिसते ती त्रासलेली, जॉनवर चिडणारी जनेल. नंतर जॉन घरी फोन करतो तेव्हा पलीकडे तीच बाई असते, पण आता विलक्षण मायेने बोलणारी. ती एवढी प्रेमळ कधीच नसते, हे जॉनला खटकते. खरी जनेल तोवर मेलेली आहे आणि तिच्या रूपात टी-१००० हे हवे ते रूप घेणारे मारेकरी यंत्र बोलते आहे. म्हणजे गोल्डस्टीन यांना जनेल साकारायची नव्हती. जनेलला नीट न ओळखणारे यंत्र तिची जी नक्कल करील ती साकारायची होती. माया थोडी जास्त झाली असती तर जॉनच्या आधी प्रेक्षकच सावध झाला असता. कमी पडली असती तर जॉनला शंका येण्याचे कारणच उरले नसते. नवरा मधेच कुत्र्यावरून कुरकुरतो, तिच्या हाताचे पाते होऊन त्याच्या तोंडातून आरपार जाते, आणि तिचे फोनवरचे बोलणे मात्र त्याच मायेने चालू राहते. मग मुद्दाम चुकीचे नाव घेऊन कुत्र्याविषयी विचारले जाते आणि ती ते नाव स्वीकारते, तिथे तिचे सोंग उघडे पडते.

१९९७ च्या 'टायटॅनिक'मध्ये त्या तिसऱ्या वर्गातल्या आयरिश आई आहेत. जहाज बुडत असताना ती दोन मुलांना अंथरुणात घेऊन गोष्ट सांगते. श्रेयनामावलीत या भूमिकेला स्वतःचे नावही नाही. पण तिला सगळे कळलेले आहे आणि मुलांना कळू द्यायचे नाही, हे दोन्ही त्या एकाच आवाजात ऐकू येते. कॅमेरून यांनी त्यांना तीन चित्रपटांत तीन वेगळ्या बायका करायला बोलावले, ते मला वाटते यासाठीच. पुढे त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या मापांच्या अंतर्वस्त्रांचे दुकान काढले आणि ते चांगले चालवलेही.

आपण हे चित्रपट पुन्हा पाहणार असाल, तर टेलिफोनचा तो प्रवेश एकदा आवाज बंद करून पाहा आणि मग डोळे मिटून नुसता ऐका. ऐकताना नवऱ्याचा आवाज थांबतो त्या जागी तिच्या स्वरात काय बदलते, तेवढे टिपून ठेवा आणि इथे कळवा.